यांचा नवा आवाज

ती. भाऊजींच्या चरणी बेसाहून लतिकाचा नमस्कार. खाप्याची थंडी तुमच्या गुडघ्यांनी सोसली का, जाऊबाईंचा खोकला बसला का, ते कळवावे. इकडे आम्ही खुशाल आहोत (पत्रात असेच लिहायचे असते).

तुमच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे यांच्या, गळ्याच्या ऑपरेशनला तुम्ही येऊन गेलातच. खर्रा आणि बिडीने मिळून स्वरयंत्र खाल्ले, उरलेले डॉक्टरांनी काढले. ज्या माणसाने उभी हयात कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची बोली पुकारली, तो आता पाटीवर 'मीठ कमी' असे लिहितो. टाइप केलेले बोलून दाखवणारा मोबाईलवरचा आवाज लावून पाहिला. तो बातम्या दिल्यासारखा "लतिका, चहा आण" म्हणाला. यांनी पाटीवर लिहिले, 'हा मी नाही.'

मग लॅपटॉपवर स्वतःचा सिंथेसायझर बांधणे सुरू झाले. पडद्यावर डबे मांडायचे आणि तारांनी जोडायचे. एक डबा आवाज काढतो, दुसरा त्याचा 'आ' करायचा की 'ई' ते ठरवतो, तिसरा तो आवाज दाबतो आणि सोडतो (हा तिसरा डबा आमच्या घरात इतकी वर्षे मीच होते). पेटीसारख्या पट्ट्या यांना नको होत्या, म्हणून टॅबलेटच्या काचेवर बोट फिरवले की आवाज चढावा-उतरावा अशी सोय स्वतःच केली. पहिला 'आ' निघाला तेव्हा शेजारच्या ओमप्रकाशजींनी आमचा मिक्सर जळतोय समजून धावत येऊन मेन स्विच बंद केला. 'म' लवकर आला. 'क' अजून शिंकेसारखा येतो, त्यामुळे मी 'लति' एवढीच उरले आहे.

संक्रांतीनंतर हे कोणाला न सांगता स्पीकर घेऊन कळमन्याला गेले (मी ऑटोत शेजारी होते, पण मलाही सांगितले नव्हते). अडते देवाजींनी जुन्या ओळखीने ढिगापाशी उभे केले. यांनी बोट फिरवले. भाव निघाला तो सनई पाण्यात पडल्यासारखा. कोणी हसले नाही. हसले असते तर हे चिडले तरी असते. व्यापारी खाली संत्र्यांकडे पाहत राहिले आणि देवाजी हळूच म्हणाले, "घरी जा गा, अनंतराव. आमच्याच्यानं ऐकवून नाही राहिलं."

घरी येऊन यांनी पडद्यावरच्या तारा एकेक करून काढून टाकल्या. पुढे कित्येक दिवस पाटीसुद्धा हातात घेतली नाही. मी ताट ठेवायची आणि तसेच उचलायची. मग एका दुपारी आतून कण्हल्यासारखा 'ई' ऐकू आला. तव्यावरची पोळी करपली, पण मी आत गेले नाही.

एकंदरीत बरे चालले आहे. काळजी नसावी.

आपली,
लतिका

ता. क. मंगळवारी तुम्हाला अनोळखी नंबरवरून फोन आला होता. पलीकडे नुसती गुरगुर होती, आणि तुम्ही "काहून सतावून राहिला बे?" म्हणून ठेवून दिलात. तो फसवणुकीचा फोन नव्हता. हे नव्या सिमवरून 'दादा' म्हणत होते. 'द' फार अवघड जातो.

ता. क. मानेत पुन्हा गाठ आली आहे. सोमवारी भरती करायचे आहे. रविवारी सकाळी हे परत फोन करतील. कळले नाही तरी ठेवू नका.

ता. क. या पत्राचे यांना सांगू नका. आवाज ओळखला, एवढेच म्हणा.