थोरल्या बहिणीच्या नावाची शपथ

हाइब, सप्टेंबर १९२३

थोरल्या हेस्टरताईंस,
धाकटा भाऊ क्लास याचा नमस्कार.

तुमचे गुडघे आता बरे असतील. इकडे पाऊस नाही, शेळ्या आटल्यात, आणि राहेल बाळंत झाली. मुलगा आहे. दोघं ठीक आहेत.

भावानं थोरल्या बहिणीशी समोरासमोर बोलू नये ही आपली रीत. तुम्ही दारात बसलेल्या असताना मी राहेलला म्हणायचो, "ताईंना सांग, कॉफी घ्या." तुम्हीही तिलाच म्हणायचात, "त्याला सांग, साखर कमी आहे." आज मध्ये राहेल नाही, नुसता कागद आहे. चुकत असेल तर तेही माझ्या माथी मारा.

रविवारी बाळाचा बाप्तिस्मा. बापानं मूल उचलून आत न्यायचं. आणि मी गेल्या वर्षी, माझ्या लेकीला, एल्सीला पुरताना, सगळ्यांदेखत तुमच्या नावाची शपथ घेतली होती की चर्चची पायरी पुन्हा चढणार नाही.

राहेल म्हणते, "शपथ तुमची, आणि शिक्षा माझ्या पोराला होय? शब्द मोडा, दंड भरा."

मी म्हटलं, "तुझ्या देवाला अजून एक पोर हवंय का?"

ती रडली नाही. म्हणाली, "मला दुसरा देव कुठं मिळणार आहे?"

ताई, गोऱ्या सरकारनं आपल्या कुत्र्यांवर बसवलेल्या करावरून लढाई पेटली तेव्हा आम्ही पुरुष डोंगरात होतो. बायका-मुलं शेळ्यांच्या वाड्यात ठेवली. शिपाई आले तर फार तर धरून नेतील, असं वाटलं. विमान कुणी पाहिलं होतं? आवाज ऐकून एल्सी बघायला कुंपणावर चढली म्हणे. निघताना मी तिला सांगितलं होतं, "प्रार्थना म्हण, देव सांभाळतो." मी चर्चच्या पंचांपैकी एक, सगळ्यांना हेच सांगायचो. तिनं ती म्हटली होती. आता आमच्यातही कुणी तो विषय काढत नाही.

रविवारी मी जाणार आहे. श्रद्धा परत आली म्हणून नव्हे. राहेलला एकटीला आत जाताना बघवणार नाही.

तुमच्या नावाची शपथ मोडली की कळपातलं उत्तम जनावर तुमचं. बाँबनंतर उरलेल्यांत करडी शेळी चांगली, एकटी तीच दूध देते. दया करू नका. बाळासाठी राहू दे, असंही म्हणू नका. सगळ्यांसमोर या आणि घेऊन जा. दिलेला शब्द मोडला की कुणीतरी जाब विचारायला येतं, एवढं तरी मला बघू द्या. देवाला थोरली बहीण असती, तर मी तिच्याच दारात जाऊन बसलो असतो.

तुमची वाट पाहणारा,
तुमच्या नावाला न जागलेला भाऊ,
क्लास