पॅकिंगच्या दारातला सडा

प्रिय सुचिता,

पुण्याच्या कारखान्यात तू मालाचा दर्जा तपासतेस, म्हणून माझा वैताग तुझ्याच पदरात टाकतो. डोणगावच्या आपल्या डाळ मिलला यंदा दर्जाचं प्रमाणपत्र घ्यायचंच, असं तुझ्या भावानं, गजेंद्रनं, मनावर घेतलं. मोठे ग्राहक त्याशिवाय माल उचलत नाहीत. त्याचं म्हणणं खोटं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, तरी चष्मा लावून ती नियमावली वाचली. वाईट काहीच नाही गं त्यात. टोपी घाला, हात धुवा, कोणती तूर कोणाकडून आली ते लिहून ठेवा. पण सल्ला द्यायला आणलेला माणूस असा भराभर बोलून गेला, की सगळे नुसते मान हलवत राहिले. काऊन करायचं, कशासाठी, हे कोणी सांगितलंच नाही.

तपासणीच्या दिवशी तुझी आई पहाटे उठली. मोठे साहेब येऊन राह्यले म्हणून पॅकिंगच्या खोलीच्या दारात तिनं शेणाचा दाट सडा टाकला, वर रांगोळी काढली. स्वच्छता म्हणजे तिला तीच ठाऊक. साहेब उंबऱ्यावरच थबकले. अन्नाच्या दारात शेण, म्हणून प्रमाणपत्र अडलं. गजेंद्र कामावरच्या सगळ्या बायांसमोर तिच्यावर ओरडला, "तुले कोनं सांगतलं होतं हा शहाणपणा कराले?" ती एवढंच म्हणाली, "पाहुण्याच्या पायाखाली धूळ ठेवू काय रे बाप्पा?" आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाटी लावली: कामगारांशिवाय कोणी आत येऊ नये. ती आईसाठी नव्हती, असं तो म्हणतो. पण कामगारांत तिचं नाव कधी नव्हतंच. स्वतःच्या मिलमध्ये कोण नाव लिहवून घेतं? घरच्या जात्यावर डाळ भरडून जिनं हा धंदा उभा केला, ती आता माझा डबा घेऊन फाटकाबाहेर थांबते. आत ये म्हटलं, तर म्हणते, "नको जी, नियम मोडते." मला गजेंद्रचा राग येतो, आणि खरं सांगू, तिचाही.

पुढच्या तपासणीच्या अर्जावर मालक म्हणून माझी सही लागते. ती मी अडवून धरली आहे. ग्राहक हातचा जाईल म्हणून गजेंद्र धुसफुसतो, जाईलही. तू रजा काढून ये. आईजवळ बस, एकेक नियम कशासाठी ते तिला सांग. माझं ती ऐकत नाही. मग गजेंद्रला तिचं नाव लिहायला लाव, स्वच्छतेची प्रमुख म्हणून. ती टोपी घालून आत उभी राहिली की मी सही करतो. त्याआधी नाही.

तुझाच,
बाबा