तुझे अकरा दिवस

आई, कादंबरीचा पाचवा खर्डा आज दुपारी संपला. चांगला झालाय. उगाच नम्रतेचा आव आणत नाही, कारण आधीचे चार कसे होते ते मला ठाऊक आहे. इंदूरला, सुदामा नगरच्या घरात तुझ्याच ओट्यावर कागद पसरलेत; इथे उजेड छान येतो आणि भाजी लागली तर लगेच कळतं. उद्या सकाळी बाड प्रकाशकाकडे जाईल. सातवं प्रकरण ठेवायचं की काढायचं, एवढंच अडलं होतं. त्यात तुझे ते अकरा दिवस आहेत.

मी आठवीत होते. एका सकाळी तू शाळेत शिकवायला म्हणून निघालीस आणि अकरा दिवस घरी आलीच नाहीस. बाबा कुणी विचारायच्या आधीच 'माहेरी गेलीय' म्हणून सांगून टाकत. मग एका संध्याकाळी तू परत आलीस. कुठे होतीस ते तू सांगितलं नाहीस, आणि आम्ही कुणी विचारलं नाही. बाबा गेले, तूही गेलीस, तरी दादा अजून फोनवर म्हणतो, "अगं, छोड़ ना अब. झालं ते झालं. लोकांना कशाला तमाशा?"

सोडलंही असतं. पण कॉलेजात असताना मी शेजारच्या काकू आणि त्यांच्या सुनेच्या भांडणावर कथा लिहिली होती, ती इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात आली. नावं बदलली की झालं, असा माझा समज. इंदूरची मराठी मंडळी ती केवढीशी! काकूंचा हिरवा दरवाजा आणि प्रत्येक शिंकेनंतर 'हरे राम' म्हणायची सवय मी तशीच ठेवलेली. भाऊबीजेपर्यंत सगळ्यांना कळलं. तू मला हाताला धरून माफी मागायला नेलंस. काकू म्हणाल्या, "अरे, लिहिलं तर लिहिलं. पण मी इतकी पण खडूस नाहीये हां!" मी हसले, तू नाही. परतताना फाटकाशीच थांबवलंस. "दुसऱ्याच्या घरात काय झाँकते तू? इतकाच शौक आहे ना, तर आपल्या घरचं लिही." तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. आज वाटतं, लिहिण्याची एवढी मोठी परवानगी मला दुसऱ्या कुणीच दिली नाही.

तर प्रकरण ठेवलंय. दादा चिडेल, चिडू दे. तू कुठे होतीस ते मला माहीत नाही, म्हणून मी तुला उज्जैनला एका मैत्रिणीच्या खोलीवर ठेवलं. तिथे तू कुणाचाही डबा न भरता, खिडकीत बसून अख्खा पेपर वाचतेस. तिथली तू मला फार आवडतेस.

एक मात्र खोटं लिहिलंय. कादंबरीतली मुलगी आई दिसताच धावत जाऊन तिला बिलगते. मी दारातच उभी राहिले होते. तुझ्या हातातली पिशवीही घेतली नाही. म्हटलं, "चला, आज तरी पोळ्या मऊ मिळतील." तू चप्पल काढलीस, हात धुतलेस आणि कणीक मळायला घेतलीस. माझं ते वाक्य पाचांपैकी एकाही खर्ड्यात नाही. उद्याच्या बाडातही नसेल.