कासवाची वाट

३ ऑगस्ट

आज फक्त आठ कागद! शाळेचा मास्तर मॅसिंग म्हणाला, "दादा, तुमचं कासव पोहायला लागेपर्यंत खरं कासव आम्ब्रिम बेटाला वळसा घालून येईल." मी प्रत्येक कागदावर सगळं कासव पहिल्यापासून काढतो, पेन्सिल न उचलता. वाळूत चित्र काढताना बोट उचललं की रेघ मेली – मामाने हेच शिकवलं. कागदावर वेगळं कसं करू?

मॅसिंग कागदांचे फोनवर फोटो काढतो, एकामागे एक जोडतो. अर्ध्या मिनिटाची फिल्म. पूर्ण कासव दिसेल आणि पोहत जाईल. रेघ कुठून निघते, कुठे वळते, ते दाखवायचं नाही. ती वाट आमच्या घराची. मामाने शपथ घालून दिलेली.

९ ऑगस्ट

वाटेचे चाळीस कागद काढले. फक्त स्वतःसाठी. अंगठ्याने भरभर सोडले – आणि रेघ आपली आपण चालू लागली! देवा, मला क्षमा कर, पण केवढा आनंद झाला. राहवलं नाही, मामाला आणि मॅसिंगला दाखवले. मामा एवढंच म्हणाला, "परत सोड." तीनदा. मग कागद पेटीत, बायबलखाली.

२१ ऑगस्ट

कासव पोहलं. मागचा पाय जरा अडखळतो. असू दे.

३० ऑगस्ट

चर्चच्या हॉलमध्ये फिल्म बघायला सगळं गाव. मामा तेवढा नव्हता, तो जुन्या वळणाचा, चर्चची पायरी चढत नाही. पडद्यावर एक काळा ठिपका आला आणि चालू लागला. माझे चाळीस कागद! सगळी वाट, पहिल्या वळणापासून शेवटच्या गाठीपर्यंत. टाळ्या. "परत लावा, परत!"

मी मॅसिंगकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

३१ ऑगस्ट

पेटीत बायबल आहे, कागद नाहीत.

किनाऱ्यावर काळ्या वाळूत कासवंच कासवं. एक लहान मुलगी म्हणाली, "काका, बघा ना, बोट नाही उचललं!" अगदी बरोबर काढलं होतं. मी पायाने पुसलं. रडली ती.

४ सप्टेंबर

मॅसिंगच्या दारात उभा राहून ओरडलो, "माझ्या घरचं लापलाप खाल्लंस आणि माझ्याच पेटीत हात घातलास? चोर!"

त्याची बायको म्हणाली, "दादा, ऐका तरी –"

"तू आत जा," तो तिला म्हणाला. मला काहीच बोलला नाही. मुजोर!

७ सप्टेंबर

प्रभुभोजनाचं ताट मॅसिंगच्या हातात होतं. माझ्यासमोर आला. मी हात मागे घेतला. सगळ्यांनी पाहिलं.

मामाला कोणत्या तोंडाने सांगू?

१० सप्टेंबर

डोंगरावर जाऊन मामापुढे सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "कागद मीच तुझ्या पेटीतून काढून नेऊन दिले मास्तरला. 'भाच्याला मी सांगतो, तू बोलू नकोस,' असं त्याला म्हटलं. मग धीर झाला नाही."

"शपथ तूच घातलीस, मामा!"

"वाट मामाकडून भाच्याला जाते, पोरा. तुला बहीण नाही. भाचा कुठून आणणार होतास? वाट तुझ्यापाशीच संपली असती."

"मला विचारायचंस."

"हो म्हणाला असतास?"

नसतो म्हणालो.

उतरताना मॅसिंगचं घर लागलं. दार उघडं होतं. मी मान खाली घालून पुढे आलो.