ताईच्या मांडीवरची बाहुली

४ नोव्हेंबर

वहीबाई, मागच्या खेपेला आपण कुठवर आलो होतो, सांग बरं? नाही ना आठवत! पान उलटलं की विसरलीस. मला वाचता येत नाही, तुला आठवत नाही — जोडी बरी जमलीय. मधे आमचे हे बसलेत चष्मा लावून. मी बोलायचं, ह्यांनी लिहायचं. — अहो, सांगते तेवढंच लिहा, अक्कल पाजळू नका.

तर मिळाली! डोळे मिटणारी! आडवी केली की मिटतात, उभी केली की उघडतात — ती. माझ्या कपाटावर लाकडाच्या आहेत, कापडाच्या आहेत, मातीची एक नकटी आहे. ही तेवढी नव्हती. लहानपणी ताईकडे होती, तिच्या आजारपणात बाबांनी आणलेली. मला हात धुऊन फक्त पायाला हात लावायची मुभा! तेव्हापासून डोळ्यांत भरलीय.

जुन्या सामानाच्या दुकानात पंख्याच्या पात्यांखाली पडली होती. केसांचं घरटं झालेलं. एक डोळा उघडा, एक बंद — मला डोळा मारत होती मेली! दुकानदार म्हणाला, "आजी, ही मोडकी कशाला? चांगली दाखवतो." म्हटलं, "मोडकी मीही आहे. बांध."

५ नोव्हेंबर

हातपाय लोंबतायत. आतलं रबर गेलंय. हे विचारतात, "गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवू या का?" ह्यांनाच रबर आणायला पिटाळलं.

७ नोव्हेंबर

आज अंघोळ. म्हणजे कोरडीच — पाण्यात बुडवली तर आत डोळ्यांना गंज चढतो. ओल्या फडक्यानं पुसली, कानामागे काडीला कापूस गुंडाळून. केस टोकाकडून सोडवत वर गेले. मुळाशी कंगवा घातला की झुबकाच हातात येतो. दुपारपर्यंत गाल वर आले. गुलाबी!

मग डावा हात पुसायला घेतला. करंगळी वितळलेली.

ताईच्या बाहुलीचीही होती. थंडीत तिला शेकायला म्हणून ताईनं शेगडीला टेकवून बसवली होती. पण थंडी काय एकाच घरात पडते? असेल हिचीही जळलेली.

८ नोव्हेंबर

मानेतलं जुनं रबर कापलं. कात्री चालवली आणि मग दिसलं. हुकाला मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ, दोऱ्याचं शेपूट आत खोचलेलं.

बाबा गोदामात माल बांधायचे. "गाठीनं जीभ बाहेर काढू नये," म्हणायचे आणि शेपूट आत सारायचे. ताईच्या बाहुलीची मान सुटली तेव्हा त्यांनीच बांधली होती; अशी गाठ दुसऱ्या कुणाची मी पाहिली नाही. आणि मीच ती कापून बसले! दोन तुकडे दोन हातांत. ह्यांना हाक मारली. हे म्हणाले, "दोरा म्हटला की गाठ आलीच." मी तोंड धुवायला गेले तेवढ्यात टेबल झाडून स्वच्छ! टापटिपीचे फार! गाठ गेली, कचऱ्याची गाडीही गेली. — लिहा, लिहा, तुमच्याच हातानं लिहा.

पण ताई ती बाहुली कुणाला देईल? जीव गेला तरी नाही. मग इथे कशी आली? बरी आहे ना ती?

९ नोव्हेंबर

फोन लावला. भाचेसुनेनं उचलला, ताईच्या कानाला दिला.

"ताई, तुझी बाहुली कुठाय गं?"

"ही काय, माझ्या मांडीवर."

"तीच?"

"मग काय दुसरी? ठमे, अगं तुला झालंय काय?"

मागून भाचेसून हसत होती.

हे म्हणाले, "म्हणजे तुझ्या वडिलांनी बाहुल्यांचा कारखानाच काढला होता!" मला हसू आलं नाही. माझी आठवण खोटी की ताई खोटी? ताई खोटं बोलत नाही. तोंडावर खरं बोलते, हाच तर तिचा जाच.

१० नोव्हेंबर

करंगळी तीच. गाठ तीच. आणि ताईच्या मांडीवर कोण? डोकं चालेना.

१२ नोव्हेंबर

दुकानात गेले. "ही आणून कुणी दिली?"

दुकानदारानं डोकं खाजवलं. "एक बाई आल्या होत्या. मिक्सर, फोटोच्या चौकटी आणि ही. म्हणाल्या, सासूबाईंना आता दिसत नाही, ही पार मोडलीय, म्हणून अगदी तशीच नवी आणली. त्यांना कळलंही नाही."

ताईचेच डोळे गेलेत — म्हणजे भाचेसून! वाईट नाही हो ती. ताईला न्हाऊ घालते, औषधं देते. आणि ताई नवीला कुरवाळत बसलीय, जुनी समजून.

आता मी काय करू? सांगितलं तर ताईचं मन मोडेल, वर सासू-सुनांत भांडण माझ्यामुळे. नाही सांगितलं तर — तर बाहुली माझी. आयुष्यभर हवी होती ती. गप्प बसणं एवढं सोयीचं असलं की मला भीती वाटते.

१३ नोव्हेंबर

नवं रबर ओवलं, क्रोशाच्या सुईनं ओढून. हे पाय धरून बसले होते. माझे नव्हे, तिचे.

डोळे मोकळे केले. तेलाचा एकच थेंब. मिटताना आत खडखडत होते, म्हणून पापण्यांमागे कापसाची बारीक गादी चिकटवली. आता मिटतात ते सायीसारखे. माझंच काम, मीच बघत राहिले! कपाटावर मधोमध बसवली. तरी घास गोड लागेना.

१५ नोव्हेंबर

ताईचा फोन. कुजबुजत. "सून बाजारात गेलीय म्हणून बोलते. तू त्या दिवशी का विचारत होतीस?"

"सहज."

"सहज काय! अगं, ही माझी नव्हे. पहिल्याच दिवशी कळलं. करंगळी धड आहे मेलीची! डोळे गेलेत माझे, बोटं नाही गेली. पण पोरगी एवढी वणवण करून घेऊन आली, तिला काय सांगू? म्हणून तिच्यासमोर तसं बोलले. माझी मात्र गेली गं."

मला राहवलं नाही. "ताई, माझ्याकडे आहे ती!"

ताईचा विश्वास बसेना. मग, "ऐकव."

"काय ऐकव?"

"डोळे मिटताना बोलते ती. टक् करते. आडवी कर फोनपाशी."

आडवी केली. मिटले डोळे. आवाज नाही.

"नाही गं. ही नव्हे."

"अगं करंगळी जळकी आहे! आत बाबांची गाठ होती!"

"होती ना? आता कुठाय?"

"कचऱ्याच्या गाडीत गेली गं!"

"माझ्या समाधानासाठी असलं काही रचू नकोस, ठमे," म्हणाली आणि ठेवला फोन.

१६ नोव्हेंबर

हे म्हणतात, "मालकीणच नाही म्हणतेय. मग तुझीच झाली. कपाटावर शोभतेयही."

खरंच, मिटवून टाकावं? कापूस काढायचा तर डोकं पुन्हा उपटावं लागेल, प्लॅस्टिक जुनं, मान तडकली तर ना ताईची ना माझी. आणि कापूस काढूनही नाहीच बोलली तर? मी चोर आहे का, वेडी आहे का, की नुसती म्हातारी? दिवसभर तिच्यासमोर बसले. ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघतेय.

१७ नोव्हेंबर

काढला कापूस. मान वाचली. फोन लावला, काही न बोलता आडवी केली. टक्!

 मग ताई म्हणाली, "उठव. पुन्हा." पुन्हा केली. पुन्हा. ह्यांनी फोन धरला होता, ह्यांचा हात दुखला तरी हलले नाहीत.

म्हटलं, "आजच आणून देते."

"छे! इथे आणलीस तर सुनेला काय वाटेल? तुझ्याकडेच राहू दे. मी येत जाईन राहायला. — हात धुऊन धर हं तिला." आणि फोन सुनेच्या हातात दिला.

भाचेसुनेनं विचारलं, सासूबाईंचं अचानक तुमच्याकडे राहायला यायचं काय निघालं? तिला काय सांगायचं? काही नाही. एवढंच म्हटलं, ताईबरोबर तू करतेस तो केक पाठव. मऊसा, आणि साखर घातलेला. मागच्यासारखा बिनसाखरेचा पाठवलास तर ह्यांच्या हातून परत येईल.