ब्रेक वाजतो का?

३ मार्च

सांगून टाकलं आज. म्हातारा बाकावर हिरव्या सायकलीचा ब्रेक खोलून बसला होता, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, "काका, मी महिनाअखेर निघतोय. मावसभावानं बंदरावर गोदामात काम बघितलंय."

त्याची कानस चालू होती. थांबली नाही. "हं," म्हणाला. मग, "तो बारीक पाना कुठे ठेवलास?"

एवढंच! आठवडाभर मी वाक्य जुळवत होतो. आंघोळ करताना जुळवत होतो. आणि हा नुसता हं. बरंच झालं म्हणा. भाषण नको की रुसणं नको. पाना दिला.

५ मार्च

ताईचा फोन. सांगितलंस का? — सांगितलं. काय म्हणाले? — हं म्हणाले. नुसतं हं? — नुसतं हं.

हसत सुटली. म्हणाली, तुझा आवाज म्हणजे पिंपात बसून बोलल्यासारखा, त्यांना काय कळलं असेल कुणास ठाऊक. मग नेहमीची टेप. बेकरी सोडलीस, टायरचं दुकान सोडलंस, लॉन्ड्री तर पगाराआधीच सोडलीस, आता हे. एका जागी बूड टेकव की रे. "तू आयुष्यात कुणाचं ऐकलंयस?"

नाही ऐकलं. आईनं शाळेत जा म्हणून जीव आटवला, तेव्हा ऐकलं नाही. पुढे सवयच लागली.

तरी इथे सगळ्यात जास्त टिकलो. का ते सांगता येत नाही. दुकानामागच्या खोलीला खिडकी आहे म्हणून असेल.

८ मार्च

आज ब्रेकची तीन जोड रबरं बदलली. सगळी दगड झालेली. नखानं दाबलं तर नख दुमडतं, रबराला काही होत नाही. असल्या रबरानं सायकल थांबायची कशी? पण गिऱ्हाईक म्हणतं, मूळचीच राहू द्या, जुन्या सायकलीला जुनंच शोभतं. म्हातारा म्हणतो, "मग दवाखान्यातही जुन्याच पलंगावर झोपा."

आमच्याकडे नवी सायकल दुरुस्तीला घेत नाहीत. कुणी आणलीच तर म्हातारा पलीकडच्या गल्लीत पाठवतो — "ही अजून तान्ही आहे, बाळांच्या डॉक्टरकडे न्या."

रबर बदलणं म्हणजे काढलं-घातलं, असं मला वाटायचं. तसं नाही. रबर ज्या पत्र्याच्या खोबणीत सरकवायचं, तिचं उघडं तोंड मागच्या बाजूला हवं. पुढे ठेवलं तर ब्रेक दाबला की रबर निसटून रस्त्यावर, आणि माणूस त्याच्या पाठोपाठ. (पहिल्याच आठवड्यात हे मी करून दाखवलंय.) आणि रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकलं पाहिजे, मागचं नंतर. मागच्या टोकाखाली काडेपेटीचा पुठ्ठा धरायचा, आवळायचं, पुठ्ठा काढून घ्यायचा. तेवढी फट राहिली की ब्रेक वाजत नाही. नाही राहिली तर किंचाळतो.

दुपारी काकू जिन्यावरून हाका मारत होत्या. त्यांचा आवाज बारीक, सुईसारखा. म्हातारा ढिम्म. "लग्न झाल्यापासून माझं ऐकत नाही हा माणूस," काकू मला म्हणाल्या. जेवणाआधी श्लोक म्हणावा तसं हे वाक्य त्या रोज म्हणतात. मी त्याच्या मागे उभा राहून हळूच म्हटलं, "काका, जेवण." लगेच उठला.

जेवणाचं बरं ऐकतो!

११ मार्च

टोपीवाला परत आला. हिरव्या सायकलीचा मालक, डोक्यावरची टोपी झोपतानाही काढत नसावा. म्हणाला, ब्रेक दाबला की डुकराचं पिल्लू ओरडतं, लोक वळून बघतात.

म्हाताऱ्यानं सायकल गल्लीत चालवली. ब्रेक दाबला. मी दारात होतो, माझे दात शिवशिवले. समोरच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं.

म्हातारा परत आला. उतरला. म्हणाला, "कुठे वाजतोय?"

टोपीवाला म्हणाला, थट्टा करताय का?

"थट्टा कसली? तुमचे कान वाजतायत."

मी हसणार होतो. मग म्हाताऱ्याचं तोंड बघितलं. थट्टेचं नव्हतं. खरंच विचारत होता.

टोपीवाल्याला चहा पाजला आणि तोवर मीच खोलला तो ब्रेक. एका बाजूचं रबर सपाट टेकत होतं. पुठ्ठा धरला, आवळलं, आवाज बंद. म्हाताऱ्यानं विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, काही नाही, धूळ होती.

१२ मार्च

त्याला ऐकू येत नाही.

१३ मार्च

आणि मी मेलो विचार करकरून. ऐकू येत नाही म्हणजे — तीन तारखेला पाठ होती त्याची, कानस चालू होती. म्हणजे मी निघतोय हे त्याला माहीतच नाही. तो "हं" पान्यासाठी होता.

आणि आज त्यानं काय करावं? भिंतीवर माझ्यासाठी वेगळी फळी ठोकली, हत्यारं टांगायला. प्रत्येक हत्यार फळीवर ठेवून पेन्सिलीनं त्याची बाह्याकृती काढली, म्हणजे कुठलं कुठे जातं ते कळावं. खिळे सगळे डाव्या अंगाला. मी डावरा आहे. त्याबद्दल त्याच्याशी कधी बोललो नाही.

"साहेब, आता माझ्या फळीवरचे पाने पळवू नका," म्हणाला.

१६ मार्च

परत सांगायचं ठरवलं. समोर उभा राहून. म्हटलं, "काका, जरा बोलायचं होतं."

"बोल."

"पुढच्या चाकाच्या रिमला गंज आहे."

"तो मला दिसतोय," म्हणाला. "डोळे आहेत."

डोळे आहेत, यावर जोर होता की मला वाटलं?

१७ मार्च

तो वर जेवायला गेला की मी त्यानं केलेली सायकल उतारावर नेतो. वाजत असेल तर नीट करून होती तिथे ठेवतो. त्याचं रबर बसवणं अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे, प्रश्न शेवटच्या केसाएवढ्या फटीचा. ती त्यानं आयुष्यभर कानानं लावलेली.

मग संध्याकाळी तो स्वतः चालवून बघतो. तो त्याचा नियम — हातावेगळी करण्याआधी सायकल उतारावर न्यायची, पार खाली, जिथे छापखान्याचं फाटक आहे तिथपर्यंत. चालवून येतो आणि मान डोलावतो. बघा, म्हणतो, चूं नाही.

चूं नाही. खरंच नाही. मी काढून ठेवलेली असते.

१९ मार्च



काळी उंच सायकल. म्हातारा उतारावरून येत होता, मी खाली फाटकापाशी उभा. छापखान्याची गाडी मागे घेत होते. मागे घेताना वाजते ती गाडी, टीं टीं टीं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. म्हाताऱ्याची नजर खाली, पुढच्या ब्रेकवर. सरळ गाडीच्या मागे येतोय.

धावलो. मागचा कॅरिअर धरला. त्यानंही ब्रेक दाबला. दोघं सायकलीसकट आडवे. गाडी हातभर अंतरावर थांबली.

ड्रायव्हर खिडकीतून शिव्या घालत होता — आजोबा, कान गहाण टाकलेत का?

म्हातारा माझ्यावरच उखडला. "पाडलंस कशाला? हाक मारायची ना!"

"गाडी केकाटत होती काका."

"कुठली गाडी?"

मी दाखवली. मागचा दिवा उघडझाप करत होता. त्यानं दिव्याकडे बघितलं.

"आत्ता वाजतेय?"

"वाजतेय."

उठला. गाडीच्या मागच्या दाराला हात लावला, रिमला लावतो तसा, चार बोटांनी. मग सायकल उचलली आणि चढावर चालायला लागला. बसला नाही तिच्यावर.

२० मार्च

काकूंना सांगावं लागलं. म्हाताऱ्याचं कोपर सोलवटलंय, लपवणार किती. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच भांडले?"



मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "नाही, उगाच नाही. निम्मी भांडणं खरी होती."

२२ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले दोघं. काकू म्हणाल्या, बारीक आवाज गेलेत म्हणे, यंत्र लावा म्हणाले, तर हा म्हणतो यंत्र सायकलीला लावतात.

दुपारी रबर बसवलं, आवळलं, आणि सायकल माझ्याकडे ढकलली. "जा. उतारावर जाऊन ये. वाजतो का सांग."

असं त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काकू जिन्यात थबकल्या.

गेलो, आलो. "मागचा वाजतोय, डावं रबर." त्यानं काही विचारलं नाही. पाना उचलला आणि डावं रबर सैल केलं.

माझ्या शब्दावर कुणी पाना उचललेला मला आठवत नाही. ताई तर मी पाऊस पडतोय म्हटलं तरी खिडकी उघडून बघते.

२५ मार्च

मावसभावाचा फोन. एक तारखेला हजर हो, नाहीतर दुसरा माणूस घेतील. आणि इतके दिवस एका जागी? तब्येत बरी आहे ना तुझी? — असा त्याचा विनोद.

एकतीसच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं.

बंदर मी पाहिलेलं नाही. तिथे मोठाल्या पेट्या उतरतात, कुठून कुठून. मला असलं काहीतरी हवं असतं. गेल्यावर थोड्या दिवसांनी ते तसं राहत नाही, हेही ठाऊक आहे.

२६ मार्च

मी गेल्यावर वाजतो का हे कोण सांगणार? काकूंना शिकवायचं ठरवलं. म्हातारा झोपलेला असताना दुकानात आणलं. एक चांगला ब्रेक दाबून दाखवला, एक वाईट.

"हा वाजतोय," म्हणाल्या. "तो पण वाजतोय."

तो वाजत नाही काकू.

"अरे, या घरात सगळंच वाजतं. भांडी वाजतात, जिना वाजतो, तुम्ही दोघं वाजता. मी कशाकशाकडे लक्ष देऊ?"

शिकवणी संपली.

२८ मार्च

आज सांगणारच होतो. मोठ्यानं, तोंडासमोर. गेलो. तो माझ्याच फळीपाशी उभा होता, एक खिळा परत ठोकत. म्हणाला, "डुगडुगत होती." मी म्हटलं, बरं केलंत.

गेलो तसा परत आलो. बेकरीवाल्याला मी चालत्या रस्त्यात सांगून सुटलो होतो. लॉन्ड्रीवाल्याला तेवढंही नाही. इथेच का जमत नाही?

३० मार्च

बॅग भरली. बॅग भरण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. हत्यारं फळीवर तशीच ठेवली, ती त्याची आहेत. ताईला कळवलं. ती नुसती "बरं" म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

काळी सायकल अजून व्हायची आहे. मालकीण परवा न्यायला येणार. म्हातारा दिवसभर तिच्याच मागे होता.

३१ मार्च

बॅग दाराशी ठेवली. म्हातारा बाकावर, पाठ माझ्याकडे, कानस चालू. पुढे जाऊन सांगायचं होतं, पाय गेले नाहीत. होतो तिथूनच म्हटलं, "काका, मी निघतो." नेहमीच्या आवाजात.

कानस थांबली. वळला नाही.

"त्या दिवशीही ऐकू आलं होतं," म्हणाला. "तुझा आवाज जाड आहे, तो येतो मला. ऐकलं नव्हतं, एवढंच."

मग काळी सायकल माझ्याकडे ढकलली. "गाडीला वेळ आहे ना? उतारावर जाऊन ये. वाजतो का सांग."

गेलो. पार फाटकापर्यंत. वाटेत दोनदा ब्रेक दाबला, खाली पोचल्यावर परत एकदा, कचकून. लोण्यात सुरी थांबावी तशी थांबली. चूं नाही.

चढ चढून आलो. तो हात पुसत दारात उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत.

"वाजतोय अजून," म्हणालो.