तिसऱ्या टेपची उजवी कड

मी, तात्याबा जोतीराम खरात, वय वर्षे ६७, धर्म बौद्ध, आधी फौजी, मग सिनेमा ऑपरेटर, मग व्हिडिओ लायब्ररीचा मालक आणि आता नुसता म्हातारा, राहणार सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. साखर आहे, पण तिचा त्रास पायाला आहे; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणू शकणारे एकच माणूस होते, ते १९९३ साली वारले.

त्याच साली मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते मी रागात केले होते, आणि राग भलत्याच माणसावर काढला होता. वकीलसाहेब म्हणाले की मृत्युपत्रात खुलासे लागत नाहीत. मला लागतात, म्हणून कलम ५ लांबले आहे.

१. माझी पत्नी लक्ष्मीबाई हयात नाही. मुलगा मिलिंद साताऱ्यातच कारखान्यात नोकरीला आहे. मुलगी आम्रपाली पलूसला दवाखान्यात नर्स आहे. याखेरीज कोणी वारस म्हणून पुढे आल्यास तो खोटा आहे.

२. दुकानाचा गाळा आणि पोस्टातील बचतपत्रे मिलिंदला द्यावीत. मिलिंद स्वभावाने सरळ आहे, पण त्याला प्रत्येक गोष्टीत घाई. गाळ्यात त्याने काय वाटेल ते करावे, फक्त पाटी उतरवताना ती फोडू नये. ती मी स्वतः रंगवलेली आहे.

३. माझे स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची कावी, दोन रिवाइंडर आणि हेड साफ करायचे सामान केबलवाला दादासो याला द्यावे. त्याच्या केबलने माझे दुकान बुडवले, हे खरे. पण गेल्या वर्षी मी जिन्यात पडलो तेव्हा मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाराही तोच. मात्र माझ्या छतावरून त्याने न विचारता ओढलेली वायर माझ्या मरणानंतर आठ दिवसांत काढावी. हत्यारे त्यानंतरच मिळतील.

४. दुकानातील हिंदी-मराठी टेपा कोणी मागेल त्याला द्याव्यात, आता त्यांना विचारतो कोण. परंतु वहीत ३१७ नंबरखाली एका जपानी पिक्चरच्या तीन टेपा आहेत, त्या वेगळ्या ठेवाव्यात. पिक्चरचे नाव मला नीट उच्चारता येत नाही. छत्र्या बनवणारा एक म्हातारा, त्याची बायको आणि मुले, एवढीच गोष्ट आहे. मारामारी नाही, गाणे नाही. मी तो निदान दोनशे वेळा पाहिला असेल.

पहिली टेप मी १९८६ साली दूरदर्शनवरून भरलेली. तिच्यात अकरा मिनिटे कमी आहेत आणि चित्रावर मुंग्या आहेत. दुसरी विलायती, एका कर्नलसाहेबांनी दिलेली. चित्र स्वच्छ, पडदा पूर्ण भरलेला, खाली इंग्रजी अक्षरे; फौजेत शिकलेल्या इंग्रजीवर मला ती पुरेशी कळतात. तिसरी थेट जपानची. सांगलीच्या विहारात आलेल्या एका जपानी भिक्खुणीला आम्रपालीने विनंती केली आणि आठ महिन्यांनी ती पोस्टाने आली. तिला अक्षरे नाहीत. साध्या व्हीसीआरवर तिचे चित्र पळते, मल्टिसिस्टिम लागतो. आणि तिच्यात पडद्याच्या वर आणि खाली काळी पट्टी आहे.

मला विचाराल तर १९९५ ते १९९७ पर्यंत मी हेच सांगितले असते की दुसरी टेप अस्सल आणि तिसरी झाकलेली. पट्टी मारून चित्र कापले आहे, असे मी चार लोकांत बोललोही. थिएटरात वीस वर्षे सिनेमास्कोपचे भिंग स्वतः चढवणाऱ्या माणसाला हे कळू नये, याची मला लाज वाटते. रुंद चित्र चौकोनी टीव्हीत पूर्ण बसवायचे तर वर-खाली काळे राहणारच. नाहीतर दोन्ही कडा छाटाव्या लागतात. माझ्या लाडक्या दुसऱ्या टेपेत कडा छाटलेल्या होत्या.

५. आता खुलासा.

पिक्चरमध्ये बायको वारल्यावर म्हातारा खोलीत बसतो आणि म्हणतो, "शेवटच्या वेळी तिच्याजवळ कोणी नव्हते." दुसऱ्या टेपेत खोलीत तो एकटाच दिसतो. या जागी मला दरवेळी रडू यायचे. आम्रपाली नर्सिंगला सांगलीत असताना तिने हाच पिक्चर तिथल्या फिल्म सोसायटीत मोठ्या पडद्यावर पाहिला. घरी आल्यावर म्हणाली, "आबा, तो एकटा न्हाई. त्याची पोरगी तिथंच बसल्याली हाय. तुमच्या टेपमधी दिसत न्हाई."

मी म्हणालो, "मला पिक्चर शिकवू नगंस."

पुढे लक्ष्मीबाई अंथरुणाला खिळली. आम्रपालीने बिनपगारी रजा काढली आणि चौदा महिने आईचे सगळे केले. मी सकाळी दुकानात जायचो तो अंधार पडल्यावर यायचो. आजारपण माझ्याने बघवत नव्हते, असे मी स्वतःला सांगायचो. खरे म्हणजे मी पळत होतो.

१९९३ च्या मार्चमध्ये एका दुपारी मला दुकानात करमेना, म्हणून उगाच लवकर घरी गेलो, तर लक्ष्मी गेलेली होती. उशाला शेजारच्या बनुबाई बसल्या होत्या. आम्रपाली घरात नव्हती. ती आली तेव्हा मी तिला एक शब्दही विचारला नाही. लक्ष्मीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळा समाज जमला असताना उभा राहिलो आणि बोललो, "शेवटच्या वेळी तिच्याजवळ कोणी नव्हते. पोटची पोरगी बाहेर फिरत होती." पिक्चरमधल्या म्हाताऱ्याचे वाक्य मी उचलले आणि माझे म्हणून वापरले. आम्रपाली समोर उभी होती. तिने पदर सावरला आणि तशीच स्टँडवर गेली. त्यानंतर ती या घरात आलेली नाही.

दोन वर्षांनी तिच्याकडून तिसरी टेप आली. सोबत चिठ्ठी होती: "आबा, उजवीकडं बघा." मी पाच मिनिटे लावली, काळी पट्टी पाहिली आणि बंद केली.

गेल्या नोव्हेंबरात दुकान आवरताना दोन टीव्ही शेजारी मांडले आणि दुसरी व तिसरी टेप एकाच वेळी चालवली. जपानी कळत नाही, म्हणून अक्षरे एकीकडे वाचायची आणि चित्र दुसरीकडे पाहायचे. त्या जागी आलो. डावीकडच्या टीव्हीत म्हातारा एकटा. उजवीकडच्या टीव्हीत, अगदी कडेला, त्याची मुलगी आईचे कपडे घडी करत बसलेली. म्हातारा ते वाक्य बोलतो तेव्हा तिचे हात थांबतात. मग ती पुन्हा घडी घालू लागते. म्हातारा तिच्याकडे बघतही नाही.

मी टेप मागे घेऊन अकरा वेळा पाहिले. मग उठून बनुबाईंकडे गेलो आणि त्या दुपारचे विचारले.

त्या म्हणाल्या, "आता इचारताय व्हय? आवं, दिस उगवल्यापासनं पोरगी आईचा हात धरून बसल्याली. जीव गेला तवा डोकं तिच्याच मांडीवर हुतं. मग मला बसवलं आन् तुमास्नी फोन लावाया पळाली. तुमचा फोन काय लागंना. शेवटी पायीच दुकानाकडं गेली, आन् तुमी दुसऱ्या वाटंनं घरी."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तुमी कुनाचं ऐकून घेताय?"

फोन का लागला नाही, हे बनुबाईंना माहीत नाही. आम्रपालीलाही नाही. त्या दिवशी माझा फोन लागूच शकत नव्हता, हे मला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि त्याचे कारण मी इथे लिहून देतो. त्या दुपारी मी दुकानात पहिली आणि दुसरी टेप ताडून बघत होतो. ती अकरा मिनिटे कुठे गळली ते शोधायचे होते. मध्ये कोणी त्रास देऊ नये म्हणून मी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला होता. निघताना तो जागेवर ठेवला आणि त्याबद्दल कोणाशी बोललो नाही. लक्ष्मीजवळ शेवटी जो नव्हता, तो मी होतो.

६. सबब, माझे स्वकष्टार्जित राहते घर, दोन खोल्या, मोरी व मागील मोकळी जागा यांसह, आम्रपालीला द्यावे. ३१७ च्या तिन्ही टेपा, दोन्ही टीव्ही आणि मल्टिसिस्टिम व्हीसीआरही तिलाच. तिने राहावे, विकावे, कुलूप लावावे. मिलिंद म्हणाला, "ती तिकडं पलूसला, तिला हितलं घर कशाला, आबा?" त्याला उत्तर असे की चौदा महिने त्या घरात कोण होते, याचा हा कागद आहे. त्याने हरकत घेऊ नये.

७. ~~मात्र अट अशी की, आम्रपालीने माझ्या पुण्यानुमोदनाला हजर राहून, मला माफ केल्याचे समाजासमोर सांगावे.~~

कलम ७ मी स्वतः खोडले आहे. बाजूला सही केली आहे. कारण पुढीलप्रमाणे. वकीलसाहेब हा मसुदा मोठ्याने वाचून दाखवत होते. बनुबाई साक्षीला आल्या होत्या. हे कलम ऐकल्यावर म्हणाल्या, "आवं, मेल्यावर बी तिला लोकांम्होरं हुबी करताय? एकदा केली तेवढी बास न्हाई झाली?"

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवले. बाई खरे बोलल्या. माफी मागायची मी आणि सगळ्यांपुढे उभे राहायचे तिने, असा माझा हिशेब होता. मेल्यावरही मला माझेच ऐकवायचे होते.

८. माझा अंत्यविधी साधा करावा. त्रिसरण, पंचशील, बस्स. कोणीही भाषण करू नये.

९. मृत्युपत्र मरणानंतर उघडतात. यातील कलम ५ तोवर थांबवता येणार नाही, कारण ऐकणारेही म्हातारे होत चालले आहेत. म्हणून येत्या रविवारी, १५ तारखेला, विहारात वंदना झाल्यावर मी ते स्वतः उभा राहून वाचणार आहे, रिसीव्हरच्या वाक्यासह. आम्रपालीला फक्त तारीख कळवली आहे, 'ये' असे लिहिलेले नाही.

बनुबाईंनी विचारले, "आन् ती आली न्हाई तर?"

तरी वाचणार. माझे खोटे तिला सगळ्यांसमोर उभे राहून ऐकावे लागले. खरे ऐकायला तिने यावेच, अशी सक्ती मी करणार नाही. घर तिचेच आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी लिहिल्याप्रमाणेच आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना पाहिले.

तात्याबा जोतीराम खरात (सही)

साक्षीदार:
१. बनुबाई, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा
२. ॲड. जिनदत्त चौगुले, मूळ राहणार सांगली, हल्ली सातारा (सही)

ठिकाण: सातारा
दिनांक: ९ फेब्रुवारी १९९८